जपानात एकटं, तेही फुकुओकात: पहिल्या तीन दिवसांत बस्तान कसं बसवायचं

जपानची पहिली ट्रिप म्हटलं की आपल्याकडे ठरलेलं असतं, टोकियो-क्योतो-ओसाका, मध्ये जमलं तर हिरोशिमा, आठ दिवसांत सगळं कोंबायचं आणि रोज सकाळी बॅग ओढत स्टेशन गाठायचं. ग्रुपबरोबर ठीक आहे, पुढे झेंडा घेऊन कोणीतरी चालत असतं. पण एकटं जाणार असाल, त्यात जपानीचं एक अक्षर येत नसेल आणि वरून शाकाहारी असाल, तर माझं सरळ मत असं की पहिलं शहर छोटं घ्या आणि पहिले दोन-तीन दिवस फिरण्यासाठी नाही, तर बस्तान बसवण्यासाठी ठेवा. फोन, पैसे, पोट आणि पाय या चार गोष्टी एकदा मार्गी लागल्या की पुढचं जपान आपोआप सोपं होतं, आणि या चारांतली एक जरी अडकली तरी समोर कितीही सुंदर देऊळ असो, डोकं तिकडे लागतच नाही.

मी यासाठी फुकुओका सुचवते. क्युशू बेटावरचं सगळ्यात मोठं शहर, पण विमानतळापासून मेट्रोने दोन स्टेशनं आणि पाच-सहा मिनिटं की तुम्ही थेट गावाच्या मध्यात. जगात इतकं जवळ विमानतळ असलेली मोठी शहरं फार नाहीत. टोकियोत नारिताला उतरून हॉटेलपर्यंत पोचायला जो दीड तास जातो त्यात इथे तुमची बॅग ठेवून, हातपाय धुऊन, पहिली कॉफीसुद्धा होते.

निघण्याआधी घरी बसून करायची कामं

व्हिसाचं आधी. भारतीयांना आता सिंगल एंट्रीचा टुरिस्ट ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत करायचा. यातली मेख अशी की विमानतळावर व्हिसाची नोटीस फोनवर ऑनलाइन उघडून दाखवायची असते, स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही, म्हणजे तिथे इंटरनेट पाहिजेच. म्हणून ई-सिम भारतातच घेऊन ठेवा, उतरल्यावर फक्त सुरू करायचं. सोबत 'व्हिजिट जपान वेब'वर इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती भरून क्यूआर कोड तयार ठेवा, कोडचा मात्र स्क्रीनशॉट काढून ठेवलेला बरा.

भारतातलं सिम फोनमधून काढू नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येणार, तर इनकमिंग मेसेज चालू राहतील एवढं रोमिंग आहे ना ते कंपनीला विचारून घ्या. आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर चालू करा, तो बऱ्याचदा बंदच असतो. तिथे तीन-चार वेगवेगळी बटणं असतात, एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं, ही सगळी चालू करा, कारण फुकुओकात त्या टॅपवाल्या बटणाचा फार उपयोग आहे, पुढे सांगते.

औषधांचं हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे सर्दी-खोकल्याला जे सर्रास घेतो त्यातलं काही काही जपानात चालत नाही, कोडीन असलेली खोकल्याची सिरप आणि सुडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या घरीच ठेवा. डॉक्टरांनी लिहून दिलेली रोजची औषधं एक महिन्यापुरती विनापरवाना नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी ऑनलाइन परवानगी काढायची. चिठ्ठी इंग्रजीत घ्या, गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या, स्टीलच्या डबीत सुट्ट्या करून नेऊ नका.

खाण्याचं सामान नेणार, ते नेणारच आपण. भाजलेले चणे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, नुसतं गरम पाणी ओतलं की होणारी उपम्याची सीलबंद पाकिटं, हे सगळं न्या. मांसाचा कुठलाही पदार्थ, ताजी फळं-भाज्या, कढीपत्ता, कच्चे तांदूळ यातलं काही नको. आणि घरचा इलेक्ट्रिक कुकर किंवा किटली नेण्याचा विचार असेल तर सोडा, तिथे वीज 100 व्होल्टची आहे, आपली 230 व्होल्टची वस्तू कोमट होऊन बसते. हॉटेलच्या खोलीत किटली असतेच. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त पिन दोन चपट्या पात्यांची लागते, तर अडॅप्टर दोन घ्या, एक हरवतोच.

हॉटेल कुठे घ्यायचं, आणि हाकाता-फुकुओका हा घोळ

बुकिंग करताना बरेचजण इथे गोंधळतात. विमानतळाचं नाव फुकुओका, पण गावाचं मुख्य रेल्वे स्टेशन हाकाता, बुलेट ट्रेनच्या तिकिटावरही हाकाताच लिहिलेलं असतं, आणि फुकुओका नावाचं जे स्टेशन आहे ते तेन्जिन भागात निशितेत्सु या खाजगी रेल्वेचं. कारण सरळ आहे, नदीच्या पूर्वेला हाकाता ही व्यापाऱ्यांची जुनी पेठ आणि पश्चिमेला फुकुओका हे किल्ल्याभोवतीचं सरदारांचं गाव, 1889 मध्ये दोन्ही एक झाली, गावाला नाव मिळालं फुकुओका आणि स्टेशनाला हाकाता. वाद अगदीच पुण्यातल्या पेठांसारखा वाटतो ना!

पहिल्यांदा एकट्याने जाताना हाकाता स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांत किंवा गिओन मेट्रो स्टेशनजवळ हॉटेल घ्या. तेन्जिनला दुकानं आणि कॅफे जास्त, रात्री गजबज जास्त, पण बॅग घेऊन उतरायला-निघायला हाकाता बरं पडतं. नाकासु हे दोघांच्या मधलं नदीतलं बेट, तिथे रूम स्वस्त दिसली तरी विशेषतः एकट्या बाईने पहिल्या रात्री टाळलेलंच बरं. भीती अशी काही नाही, पण तो बारचा आणि तसल्या क्लबचा एरिया आहे, फुटपाथवर दलाल उभे असतात आणि रात्रभर आवाज.

बिझनेस हॉटेलची सिंगल रूम म्हणजे बारा-तेरा चौरस मीटर, बॅग उघडली की चालायला जागा नाही, पण स्वच्छ. बुकिंग करताना नॉन-स्मोकिंग नीट बघून निवडा, जपानात अजून सिगरेटच्या रूम मिळतात आणि तो वास दोन दिवस कपड्यांतून जात नाही. भाव तारखेवर फार हलतात. मोठी कॉन्सर्ट असेल तर वीकेंडला तीच रूम दुप्पट-तिप्पट होते, म्हणून जमलं तर रविवार ते गुरुवार पकडा. भाड्यावर रात्रीला माणशी 200 येन मुक्काम कर लागतो, रूम 20,000 येनच्या वर गेली तर 500. शंभर येन म्हणजे साधारण पंचावन्न-साठ रुपये धरून चाला, डोक्यात हिशेब करायला निम्म्याहून थोडं जास्त.

पहिला दिवस: उतरल्यापासून झोपेपर्यंत

मुंबईहून थेट विमान नाही, बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग असं कुठूनतरी बदलून जावं लागतं. मला विचाराल तर रात्री निघून सकाळी पोचणारं विमान घ्या, नवख्या गावात पहिल्यांदा पाय ठेवताना उजेड असला की निम्मी धाकधूक कमी होते. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे जेटलॅग असा काही नाही, फक्त झोप झालेली नसते.

इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, मग बॅग, मग कस्टम्स. बाहेर आल्यावर लगेच पळू नका, तिथेच तीन कामं उरका. फोनला इंटरनेट आलंय का बघा. एटीएममधून दहा-पंधरा हजार येन काढा, आणि मशीन 'रुपयांत हिशेब करू का' असं विचारेल तेव्हा नाही म्हणा, येनच निवडा, नाहीतर रेटमध्ये चुना लागतो. आणि एकदा टॉयलेटला जाऊन या. जपानी टॉयलेटला पाण्याचा फवारा असतो, भारतीय माणसाचा जीव तिथे भांड्यात पडतो, पण हात पुसायला बऱ्याच ठिकाणी काही नसतं, म्हणून लोक खिशात छोटा रुमाल ठेवतात, तुम्हीही ठेवा.

आता गावात जायचं. मेट्रोचं स्टेशन डोमेस्टिक टर्मिनलखाली आहे, इंटरनॅशनलला नाही, दोन्हींच्या मध्ये फुकट शटल बस चालते. तिने डोमेस्टिकला जा आणि खाली उतरा, हाकातापर्यंत 260 येन. किंवा इंटरनॅशनलहूनच हाकाता स्टेशनची थेट बस पकडा, मोठी बॅग असेल तर मला तीच बरी वाटते, जिने चढ-उतार नाही.

मेट्रोच्या गेटवर कार्ड टॅप करून जाता येतं, तुमचं नेहमीचं डेबिट-क्रेडिट कार्ड, त्यावर वायफायसारख्या आडव्या लाटांचं चिन्ह असेल तर. जाताना टॅप, उतरताना तेच कार्ड टॅप. दिवसभरात कितीही फिरलात तरी 640 येनच्या वर कापत नाही, कारण एक दिवसाच्या पासाची किंमतच तेवढी आहे, ते आपोआप लागू होतं. फक्त हे मेट्रोपुरतं समजा. सगळीकडे चालणारं हवं तर हायाकाकेन, सुगोका किंवा निमोका यातलं कुठलंही रिचार्जचं कार्ड मशीनमधून घ्या, त्यात 500 येन डिपॉझिट असतं, नावं तीन असली तरी मेट्रो, रेल्वे, बस, दुकानं सगळीकडे कुठलंही चालतं. आयफोनवाल्यांना फोनमध्येच सुइका हे तसलंच रिचार्जचं कार्ड घेता येतं, पण आपली भारतीय कार्डं त्यात पैसे भरताना कधी कधी अडतात, मग दुकानात काउंटरवर रोख देऊन भरायचं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर मात्र नाद सोडा, साधं प्लास्टिकचं कार्ड घ्या.

हॉटेलमध्ये चेक-इन दुपारी तीनला. सकाळी नऊला पोचलात तर रूम मिळणार नाही, विनवण्या करून उपयोग नाही, तिथे तीन म्हणजे तीन. पण बॅग ठेवून घेतात, हसत, पावती देऊन, पैसे न घेता. पासपोर्टची झेरॉक्स काढतील, काढू द्या, नियमच आहे. आणि पासपोर्ट मग रूमवर ठेवायचा नाही, जपानात परदेशी पाहुण्याने तो जवळ बाळगणं कायद्याने सक्तीचं आहे.

तीन वाजेपर्यंत काय? इथेच लोक उत्साहात लांब कुठेतरी जातात आणि दुपारी झोपेने पेंगत परत येतात. हॉटेलभोवती एक किलोमीटरचा गोल मनात आखा आणि तेवढ्यातच चाला. जवळचा कोनबिनी, म्हणजे ते चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान, कुठे आहे, सुपरमार्केट कुठे, औषधाचं दुकान कुठे, मेट्रोचं कुठलं गेट आपल्या हॉटेलच्या बाजूचं, कोबान म्हणजे कोपऱ्यावरची छोटी पोलिस चौकी कुठे, हे सगळं मॅपवर सेव्ह करून टाका. मेट्रोच्या गेटचा नंबर पाठ करा, जमिनीखालून चुकीच्या गेटने वर आलात की आपण कुठे आहोत तेच कळत नाही. फुकुओका मेट्रोचं एक छान आहे, प्रत्येक स्टेशनला स्वतःचं चित्र आहे, वाचता आलं नाही तरी आपल्या स्टेशनचं चित्र लक्षात ठेवायचं.

चालायला निघालाच आहात तर गिओनजवळ तोचोजी देऊळ आहे, तिथे 10.8 मीटर उंचीची लाकडी बुद्धमूर्ती, 1992 ची, म्हणजे जुनी नाही पण समोर उभं राहिलं की मान वर करावीच लागते. मूर्तीच्या खालून एक बोगदा जातो, नरकाची चित्रं बघत आत शिरायचं आणि पुढे मिट्ट काळोखात भिंतीला हात लावत बाहेर पडायचं. थोडं पुढे शोफुकुजी, 1195 मध्ये एइसाइ या भिक्षूने स्थापलेलं, जपानातलं पहिलं झेन मंदिर म्हणतात. आत इमारतींत जाता येत नाही, पण आवार मोठं, झाडं, शांतता, आणि बाकड्यावर बसून पाय सैल सोडायला ही जागा उत्तम.

हाकाता स्टेशनसमोरचा रस्ता बघाल तेव्हा एक लक्षात घ्या. 8 नोव्हेंबर 2016 ला मेट्रोचं काम चालू असताना इथे चौकातच भलामोठा खड्डा पडला, अख्खा रस्ता आत गेला, आणि आठवड्याभरात तो बुजवून वाहतूक परत सुरू केली. आपल्याकडच्या माणसाने तिथे दोन मिनिटं उभं राहून उसासा टाकायला हरकत नाही. ज्या मेट्रोसाठी तो खड्डा पडला ती नानाकुमा लाइन मार्च 2023 मध्ये हाकातापर्यंत आलीसुद्धा.

संध्याकाळी लवकर जेवा आणि झोपा. यातायीची, म्हणजे रस्त्यावरच्या खाण्याच्या गाड्यांची, हौस पहिल्या रात्री नको.

आधी पोटोबा

हा भाग जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त हाल इथे होतात. मांस-मासे खाणाऱ्यांना फुकुओका म्हणजे चंगळ, पोर्कच्या हाडांच्या पांढऱ्या रश्शातलं हाकाता रामेन इथलंच. नूडल्स बारीक असतात, कडक हव्यात तर 'काता', आणखी कडक तर 'बारीकाता' म्हणायचं, रस्सा उरला की 'काएदामा' म्हटलं की फक्त नूडल्स परत वाढतात. बऱ्याच रामेनच्या दुकानांत दारातच तिकिटाचं मशीन असतं, आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचं, तिकीट काउंटरवर ठेवायचं. जुन्या मशीन 2024 च्या जुलैत आलेल्या नव्या नोटा घेत नाहीत, म्हणून नाणी आणि जुन्या हजाराच्या नोटा जवळ असू द्या. एकट्याने जेवायला जायचा संकोच असेल तर जपानइतकी सोयीची जागा नाही, अर्ध्या दुकानांत काउंटरच असतो, एक बोट वर करून 'हितोरी देस' म्हणायचं, म्हणजे एकटीच आहे, कोणी ढुंकूनही बघत नाही.

शाकाहाऱ्यांनो, आता नीट ऐका. अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी, ते मिसो सूपमध्ये असतं, उदोन या जाड नूडल्सच्या रश्शात असतं, उकडलेल्या भाजीत असतं, डिशमध्ये मासा दिसत नाही म्हणून ती व्हेज आहे असं मुळीच समजू नका. आणि 'नीकु नको' म्हणजे मांस नको म्हटलं तर काही जणांच्या मते हॅम आणि बेकनचे तुकडे त्यात मोडत नाहीत, सॅलडवर भुरभुरून आणतात. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: 'नीकु, साकाना, दाशी वा ताबेरारेमासेन', मांस, मासे, दाशी खाऊ शकत नाही. त्याहून चांगलं म्हणजे हेच जपानी लिपीत भाषांतर करून फोनमध्ये सेव्ह करा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. ते 'नाही जमणार' म्हणाले तर वाद न घालता थँक्यू म्हणून बाहेर पडायचं, त्यात अपमान काही नाही, प्रामाणिकपणा आहे.

आता काय खायचं ते. कोनबिनीत ओनिगिरी असते, भाताचा त्रिकोणी गोळा. 'शिओ मुसुबी' ही नुसती मिठाची, 'उमे' ही आंबट प्लमची, पण उमेत कधी माशाचा अर्क असतो, फोनच्या कॅमेऱ्याने मागची यादी भाषांतर करून बघा. लाल दाण्यांचं चित्र असलेली मेन्ताइको म्हणजे माशाची तिखट अंडी, फुकुओकात ही सगळीकडे, ती नाही घ्यायची. उमेच्या ओनिगिरीच्या प्लास्टिकवर 1, 2, 3 लिहिलेलं असतं, त्याच क्रमाने ओढायचं, 1 ची पट्टी वरून खाली गोल काढायची, मग 2 आणि 3 ची टोकं बाजूला, तेव्हा आतला समुद्री शेवाळाचा कागद कुरकुरीत राहून भाताला चिकटतो. घाईत फाडलंत की शेवाळ प्लास्टिकबरोबर निघून येतं आणि हातात नुसता भात.

बाकी भाजलेलं रताळं, तोफू, उकडलेल्या एदामामे शेंगा, केळी, दही, सोया दूध यावर दिवस निघतो. बटाट्याच्या चिप्समध्येही चिकनचा अर्क असू शकतो, कपातल्या नूडल्स तर जवळपास सगळ्या सोडूनच द्या. एक करी हाउसची चेन आहे, कोको इचिबान्या, तिच्या काही शाखांत व्हेज करी वेगळी मिळते, मागताना व्हेज सॉस असं स्पष्ट सांगायचं, नुसत्या भाजीच्या करीचा रस्सा मांसाचा असतो. आणि 'इंडियन' पाटीची हॉटेलं हाकाता-तेन्जिनमध्ये हवी तेवढी आहेत, आत स्वयंपाकी बहुतेक नेपाळी, त्यामुळे हिंदीत बोलता येतं, दुपारच्या सेटमध्ये उशीएवढा नान आणि डाळ. चव थोडी गोड असते, सांगितलं तर तिखट करून देतात. परदेशात जाऊन इंडियन काय खायचं असं नाक मुरडणारे असतात, मुरडू द्या, दुसऱ्या दिवशी पोटात गरम डाळ गेली की पुढचे चार दिवस नव्या चवी बघायचा हुरूप येतो.

सुपरमार्केटमध्ये रात्री आठनंतर तयार पदार्थांवर स्टिकर चिकटवायला कर्मचारी फिरतो, त्याच्या मागे मागे गावातली निम्मी आजी-आजोबा मंडळी शांतपणे चालत असतात, 'हानगाकु' म्हणजे अर्धी किंमत. नळाचं पाणी पिता येतं, बाटली भरून घ्या, विकत घेऊ नका. काउंटरवर 'फुकुरो' ऐकू आलं तर पिशवी हवी का विचारतायत, तिचे तीन-पाच येन लागतात, नको तर 'दाइजोबु देस'. पैसे हातात न देता समोरच्या ट्रेमध्ये ठेवायचे. टिप कुठेच नाही.

दुसरा दिवस: बस, बाग, यातायी

सकाळी ओहोरी पार्कला जा, मेट्रोने त्याच नावाचं स्टेशन आहे. तळ्याला फेरी साधारण दोन किलोमीटर, पळणारे आजोबा, कुत्री, मध्ये छोटे पूल, शेजारीच फुकुओका किल्ल्याचे अवशेष. किल्ला म्हणजे आता दगडी तटबंदी आणि एखादं दार, आपल्यासारखं गडावर चढायचं नाही, पण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला इथे साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुलतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

परतताना मुद्दाम बसने या, कारण बस एकदा जमली की गाव हातात आलं. निशितेत्सुच्या बसमध्ये मधल्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं. कार्ड असेल तर चढताना टॅप, उतरताना टॅप. रोख असेल तर चढताना मशीनमधून नंबरची चिठ्ठी घ्यायची, पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर बोर्ड असतो, तुमच्या नंबराखाली जेवढं भाडं दिसेल तेवढेच सुटे डब्यात टाकायचे. सुटे नसतील तर ड्रायव्हरजवळच्या मशीनमध्ये आधी मोडून घ्या, डबा उरलेले पैसे परत देत नाही. बस पूर्ण थांबेपर्यंत उठू नका, आपल्याला दारात जाऊन लटकायची सवय, तिथे ड्रायव्हर माइकवरून बसायला सांगतो.

दुपारी ऊन किंवा पाऊस असेल तर तेन्जिनचं भुयारी मार्केट आहे, 1976 पासून आहे, जवळपास 590 मीटर लांब, गार आणि कोरडं. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे पावसाळा, नंतर सप्टेंबरपर्यंत उकाडा आणि मधूनच वादळं, तेव्हा मार्च-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात बरं. फुटपाथवर सायकली सुसाट येतात, मागे न बघता एकदम बाजूला सरकू नका. सिग्नल लाल असताना रस्ता मोकळा असला तरी लोक उभे राहतात, तुम्हीही राहा. कचऱ्याचे डबे दिसणार नाहीत, बॅगेत एक पिशवी ठेवा आणि कचरा हॉटेलवर न्या.

संध्याकाळी यातायी. रस्त्यावरच्या या छोट्या गाड्या फुकुओकाची ओळख आहेत, सुमारे शंभर उरल्यात, 2013 मध्ये शहराने त्यांच्यासाठी खास नियमावली केली. सहा-सातच्या सुमारास लागतात, नाकासुच्या नदीकाठी आणि तेन्जिनला. नदीकाठच्या जागा पर्यटकांनी भरलेल्या आणि महाग, तेन्जिनच्या मला जास्त मोकळ्या वाटतात. आठ-दहा स्टुलं असतात, भाव लिहिलेले नसतील तर बसू नका. माणशी एक तरी पदार्थ मागवायचा, खाऊन झालं की गप्पा मारत तासभर अडवायचं नाही, मागे लोक उभे असतात. टॉयलेट नसतं, आधी जाऊन या. रोख ठेवा. शाकाहाऱ्यांनी पोटभर जेवून मग जावं, एदामामे मिळाल्या तर त्या आणि एक बिअर किंवा चहा, मजा शेजारच्या माणसाशी मोडक्यातोडक्या भाषेत बोलण्यातच आहे.

हॉटेलवर परतून सामूहिक गरम पाण्याचा हौद असेल तर वापरून बघा. बायकांचा आणि पुरुषांचा वेगळा असतो, कपडे पूर्ण काढूनच आत जायचं, आधी स्टुलावर बसून साबणाने नीट आंघोळ, मग पाण्यात, छोटा टॉवेल डोक्यावर. पहिली पाच मिनिटं लाज वाटते, नंतर कोणाचंच लक्ष नाही हे कळतं. कपड्यांसाठी हॉटेलात नाणी टाकून चालणारं वॉशिंग मशीन असतं, म्हणून चार दिवसांचेच कपडे न्या.

तिसरा दिवस: आता गावाबाहेर

आता हात बसलेला असतो, तर दाझाइफूला जा. तेन्जिनहून निशितेत्सुची ट्रेन, फुत्सुकाइचीला बदलायची, अर्ध्या तासाच्या आसपास. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान दरबारी राजकारणात 901 मध्ये इकडे हद्दपार झाला आणि 903 मध्ये इथेच वारला, पुढे तो विद्येचा देव झाला, इथलं देऊळ त्याचंच, त्यामुळे परीक्षेआधी पोरांची ही गर्दी. वाटेत बैलाचा पुतळा आहे, त्याचं डोकं चोळलं की बुद्धी मिळते म्हणतात, आधीच हजारो हातांनी चकचकीत झालंय. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उमेगाए मोची विकतात, लोखंडी साच्यात भाजलेली तांदळाची टिकिया, आत गोड राजम्यासारख्या डाळीचं पुरण, शाकाहारी आणि गरमागरम, एक घेऊन कोणी थांबत नाही. शक्यतो नऊच्या आधी पोचा, नंतर टूरच्या बसेस येतात.

देवळं नको असतील तर नोकोनोशिमा बेटावर जा, मेइनोहामाच्या धक्क्यावरून बोटीने दहा मिनिटं, ऑक्टोबरात तिथे कॉसमॉसची शेतं फुलतात. किंवा सासागुरीच्या नान्झोइनला, तिथे 41 मीटर लांबीचा पहुडलेला ब्राँझचा बुद्ध आहे, स्टेशनचं नाव किदो-नान्झोइन-माए, खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घालून जा, दारातच तपासतात.

एवढ्यासाठी जेआर पास, म्हणजे जेआर रेल्वेवर हवं तेवढं फिरायचा पास, घेऊ नका. देशभरचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर 2023 मध्ये 50,000 येन झाला, तीन-चार दिवस फुकुओकात बसणाऱ्याला तो आतबट्ट्याचा.

नंबर दोन लक्षात ठेवा, पोलिसांना 110, ॲम्ब्युलन्सला आणि आगीला 119. फोनवर 'सेफ्टी टिप्स' हे ॲप टाकून ठेवा, भूकंप-वादळाची सूचना इंग्रजीत येते. फुकुओकात 20 मार्च 2005 ला 7.0 चा धक्का बसला होता, नंतर तसा मोठा नाही, पण रूमच्या दारामागचा नकाशा बघून जिना कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतलेला असावा, तिथलं हॉस्पिटल महाग पडतं. वस्तू विसरलात तर घाबरू नका, मेट्रोच्या ऑफिसात किंवा कोबानमध्ये विचारा, बऱ्याचदा मिळते.

पुढे हिरोशिमा किंवा ओसाकाला निघणार असाल तर हाकाताहून शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, हिरोशिमा तासाभरावर, शिन-ओसाका अडीच तासांवर. तुमची बॅग लांबी-रुंदी-उंची मिळून 160 सेंटीमीटरच्या वर असेल तर शेवटच्या रांगेमागची सामानाची जागा असलेली सीट आधीच बुक करावी लागते, तिकीट काढतानाच सांगा, त्याचे वेगळे पैसे नाहीत, पण न सांगता चढलात तर 1,000 येन दंड. नाहीतर हॉटेलच्या काउंटरवर 'ताक्क्युबिन', म्हणजे सामानाचं कुरिअर, म्हणा, बॅग पुढच्या हॉटेलवर दुसऱ्या दिवशी पोचते आणि तुम्ही खांद्यावर एक झोळी टाकून मोकळे.